रानातल्या माणसाची सुटका का होत नाही?

गेल्या पंधरवड्यात आमच्या गावचे एक शेतकरी गृहस्थ दिवेलागणीला आमच्या घरी आले. तीन एकर कोरडवाहू जमीन, एक बैलजोडी, आणि एकुलती एक मुलगी तालुक्याच्या कॉलेजात बी. ए.च्या वर्गात, एवढा त्यांचा संसार. ही मुलगी चौथीपर्यंत आमच्याच हाताखाली शिकली. बापाच्या हातात तिचे परीक्षेचे गाईड होते आणि त्यातल्या एका मजकुराखाली पेन्सिलीने रेघ मारलेली होती. त्या मजकुराचा मथितार्थ असा की, इंग्लंडातले रोमँटिक कवी जीवनाच्या कटकटींना कंटाळून कल्पनेच्या आणि निसर्गाच्या आश्रयाला जातात व तेथे त्यांची दुःखातून सुटका होते.

गृहस्थ म्हणाले, "गुरुजी, रानात गेलं की दुःख जातं असं ह्यात लिवलंय. माझा समदा जलम रानात गेला. मग माझं का न्हाई गेलं?" आम्ही गप्प राहिलो. तेव्हा ते पुढे म्हणाले, "आन् पळून जाणाऱ्यांची इद्या शिकायला मी पोरीच्या कॉलेजचा खर्च कशापायी करू? पुढल्या साली तिला घरीच ठेवतो."

वाचकहो, या प्रश्नाला त्या दिवशी आम्ही जे उत्तर दिले, तेच येथे विस्ताराने मांडतो. कारण हा प्रश्न त्या एका घरचा नाही. ज्या ज्या कुणब्या-कारागिराच्या घरचे मूल आज साहित्याच्या वर्गात बसले आहे, त्या त्या घरचा हा प्रश्न आहे. आमचे स्वतःचे शिक्षण मराठी ट्रेनिंग कॉलेजातले. इंग्रजी आम्ही मागाहून, शाळा सुटल्यावर कोश उशाशी घेऊन शिकलो. त्यामुळे पंडितांशी वाद घालण्याची ऐट आम्ही आणत नाही. परंतु जे वाचले ते आपल्या डोळ्यांनी वाचले, एवढे खचित.

प्रथम एक गोष्ट साफ सांगतो. सुटकेची इच्छा काही पाप नव्हे. आमच्या आयाबाया पहाटे जात्यावर बसून ओव्या गात. ओवीने दळण कमी होत नसे आणि हाताचे घट्टेही जात नसत. मग त्या का गात? गाणे चालू असताना हात थांबत नसे आणि मन मात्र माहेरी जाऊन येत असे म्हणून. जाऊन येत असे, हे शब्द वाचकांनी ध्यानात ठेवावेत. पळून जाणारा परत येत नाही. जात्यावरची बाई दळण पुरे करून उठते. या कवींच्या बाबतीतही आम्ही हेच विचारणार आहोत, की तो गेला खरा, पण परत आला की नाही, आणि येताना काय घेऊन आला?

पळपुटेपणाचा ठपका ज्याच्यावर सर्वांत अधिक ठेवला जातो तो जॉन कीट्स आधी घेऊ. हा कोणी जहागीरदाराचा मुलगा नव्हे. त्याचा बाप लंडनात भाड्याच्या घोड्यांचा तबेला सांभाळी. कीट्सचा जन्म १७९५ सालचा. १८०४ साली बाप घोड्यावरून पडून मेला आणि १८१० साली आई क्षयाने गेली. पोरगा एका वैद्याच्या हाताखाली उमेदवारीला लागला, पुढे लंडनच्या गाय्ज हॉस्पिटलात शिकला आणि १८१६ साली औषधोपचाराचा परवाना मिळवून बसला. भूल देण्याचे औषध त्या काळी निघालेले नव्हते. शुद्धीवर असलेल्या माणसाचा पाय कापताना त्याला धरून ठेवणे, हे तेथल्या शिकाऊ पोरांच्या नित्य पाहण्यातले काम. १८१८ च्या १ डिसेंबरला त्याचा धाकटा भाऊ टॉम क्षयाने वारला. त्याची शुश्रूषा कीट्सनेच केली होती.

नाइटिंगेल पक्ष्यावरची ती प्रसिद्ध कविता यानंतर सहा महिन्यांच्या आत, १८१९ च्या वसंतात लिहिलेली आहे. गाईड म्हणते की येथे कवी पाखराच्या गाण्यात दुःख विसरतो. आम्ही ती कविता शब्दन् शब्द कोशात पाहून वाचली. तीत कवी पाखराबरोबर उडून जाऊ पाहतो हे खरे. पण जाता जाता तो काय सांगतो? तरुण माणसे फिकी पडून, वाळून मरतात हे सांगतो. हे टॉमचे मरण आहे, दुसरे काय? आणि शेवट काय होतो? एका शब्दाच्या घंटेसरशी तो भानावर येतो, आणि कल्पना आपल्याला म्हणतात तितके फसवू शकत नाही असे स्वतःच कबूल करतो. पाखरू दूर निघून जाते आणि कवी जागच्या जागी राहतो. ज्या कवितेचा शेवटच 'सुटका होत नाही' असा आहे, तिला सुटकेची कविता म्हणून पोरांकडून घोकून घेणे म्हणजे पंचनाम्याच्या शेवटच्या पानाआधीच सही करून मोकळे होण्यासारखे आहे. पुढे कीट्सलाही क्षय झाला आणि १८२१ च्या फेब्रुवारीत रोम शहरी, वयाच्या पंचविसाव्या वर्षी, तो वारला.

याच कीट्सची आणखी एक हकीकत आमच्या वाचकांनी अवश्य ऐकावी. १८१८ साली 'ब्लॅकवुड्स मॅगझिन' नावाच्या वजनदार मासिकाने त्याच्या कवितेवर टीका केली. टीका काव्यावर थोडी आणि कुळावर व धंद्यावर फार. बर्न्स नावाच्या शेतकरी कवीला कीर्ती मिळाल्यापासून शेतावरचे गडी आणि घरातले चाकरसुद्धा काव्य करू लागले, अशी त्या टीकाकाराची तक्रार होती. आणि कीट्सला उपदेश असा, की बाबा, परत आपल्या औषधांच्या दुकानात जा, पुड्या बांध आणि मलमपट्ट्या विक. वाचकहो, ही भाषा ओळखीची वाटते का? तुझ्या बापाने जे केले तेच तू कर, विद्येच्या ओसरीवर पाय ठेवू नकोस, हे सांगणारा आवाज सातासमुद्रापार गेला तरी एकच असतो. मग ज्या पोराला त्यांनी हाकलले त्यालाच आपण पळपुटा म्हणून त्यांच्या बाजूने का उभे राहावे?

आता वर्ड्‌स्वर्थकडे वळू. हा निसर्गकवींचा मेरुमणी. शाळेत याची कोणती कविता शिकवतात? डॅफोडिलच्या फुलांची. १८०२ च्या १५ एप्रिलला तो आणि त्याची बहीण डोरोथी एका सरोवराकाठी चालत असता त्यांनी ती फुले पाहिली. बहिणीने ती आपल्या रोजनिशीत टिपून ठेवली. दोन वर्षांनी भावाने कविता केली, तीत आपण एकटेच भटकत होतो असे लिहिले, आणि ती १८०७ साली छापली. बहीण कवितेतून नाहीशी झाली. असो, असे पुष्कळ घरांत होते.

पण याच वर्ड्‌स्वर्थने १८०० साली 'मायकेल' नावाची एक लांब कविता लिहिली आहे, ती आमच्या पोरांना कोणी दाखवीत नाही. तिची गोष्ट अशी. डोंगराळ मुलखात मायकेल नावाचा एक म्हातारा मेंढपाळ आहे. वडिलोपार्जित थोडी जमीन आहे आणि उतारवयात झालेला एक मुलगा आहे. म्हाताऱ्याने पूर्वी आपल्या पुतण्याला जामीन राहण्याची चूक केलेली. पुतण्या बुडाला आणि बोजा काकावर आला. जमिनीचा तुकडा विकावा की मुलाला कमावण्यासाठी शहरात धाडावे? म्हातारा जमीन राखतो आणि मुलाला धाडतो. जाण्यापूर्वी मेंढवाड्याच्या भिंतीचा पहिला दगड मुलाच्या हाताने बसवून घेतो. मुलगा शहरात बिघडतो आणि शेवटी समुद्रापार परागंदा होतो. म्हातारा त्या अर्ध्या भिंतीशी जात राहतो. भिंत पुरी होत नाही. नवराबायको मरतात, जमीन परक्याच्या हाती जाते आणि जेथे खोपटे होते तेथून नांगर फिरतो.

सांगा, ही पळवाट आहे काय? हे तर आपल्या गावच्या चावडीवरचे बोलणे आहे. १८०१ च्या जानेवारीत कवीने आपले पुस्तक फॉक्स नावाच्या मोठ्या मुत्सद्द्याला पाठविले आणि सोबतच्या पत्रात मुद्दाम या कवितेकडे बोट दाखवून कळविले, की स्वतःच्या तुकड्यावर जगणारे हे छोटे जमीनधारक नाहीसे होत आहेत आणि त्यांच्या घरातली मायाही त्याबरोबर तुटत आहे. राज्यकर्त्याला असे पत्र लिहिणारा मनुष्य, निदान त्या दिवशी तरी, रानात लपून बसलेला नव्हता.

'निदान त्या दिवशी तरी' हे आम्ही जाणूनबुजून लिहिले. आम्हाला कोणाचा पोवाडा गायचा नाही. वर्ड्‌स्वर्थला १७९५ साली एका मित्राच्या मृत्युपत्राने नऊशे पौंड मिळाले, म्हणून त्याला पोटासाठी धंदा न करता काव्य करता आले. १७९८ साली टिंटर्न नावाच्या पडक्या मठाजवळच्या दरीवर त्याने नामांकित कविता केली. त्या मठाच्या आसपास त्या काळी भिकारी आसरा घेत आणि जवळच लोखंडाचे कारखाने चालत. कवितेत मात्र झाडीतून उठणारा धूर आणि बेघरांची एक ओझरती चाहूल एवढेच येते. पुढे तो सरकारी स्टँपचा अंमलदार झाला. आणि १८४४ साली त्याच्या सरोवरांच्या मुलखात आगगाडी येणार असे ठरताच त्याने वर्तमानपत्रात पत्रे लिहून विरोध केला. का? तर कारखान्यातले मजूर आणि कारागीर गाड्या भरभरून आले तरी त्यांना त्या सौंदर्याचा काही लाभ होणार नाही, त्यासाठी मनाला सावकाश वळण लागावे लागते. त्यांनी सुटीच्या दिवशी आपल्या बायकापोरांसह जवळपासच्या शेतांतच फिरावे! ज्याने तरुणपणी गोरगरिबांची भाषा हीच काव्याची भाषा असे जाहीर केले, तोच म्हातारपणी त्याच गोरगरिबांना म्हणतो की डोंगर तुमच्यासाठी नाहीत. आगगाडी १८४७ साली आलीच. पण ही गोष्ट लपवून ठेवणे आम्हाला पसंत नाही. ज्याचे त्याच्या पदरात घालावे.

तेव्हा निसर्ग सर्वांचा, हे म्हणणे तोंडाने गोड. खरा प्रश्न जमीन कोणाची हा आहे. आणि याचा निकाल ज्याच्या आयुष्यात लागला तो कवी म्हणजे जॉन क्लेअर. याचे नाव गाईडात बहुधा नसते, असले तर तळटिपेत. हा १७९३ साली नॉर्थम्प्टनशायर परगण्यातल्या हेल्पस्टन खेड्यात जन्मला. बाप मळणीचा मजूर. क्लेअरनेही मळणी केली, गुरे राखली, माळीकाम केले आणि चुनाभट्टीवर राबला. १८०९ साली त्याच्या गावासाठी पार्लमेंटने कुंपणाचा कायदा केला. कुंपणाचा कायदा म्हणजे काय, हे आमच्या लोकांना फार समजावून सांगायला नको. गावाचे गायरान, पडीक माळ, सर्पणाची झाडी यांच्यावर गरिबांचा वहिवाटीचा हक्क असे. कायद्याने त्याची मोजणी करून वाटण्या केल्या, कुंपणे घातली. ज्याच्याकडे कागद त्याला जमीन, आणि ज्याच्याकडे केवळ वहिवाट त्याला फाटक बंद. १६०४ ते १९१४ या काळात इंग्लंडात असे ५,२०० हून अधिक कायदे झाले आणि सुमारे ६८ लाख एकर जमीन, म्हणजे सबंध देशाच्या पाचव्या हिश्शाहून थोडी जास्तच, त्यांखाली आली.

क्लेअरच्या डोळ्यांदेखत ओढे सरळ केले, झाडे तोडली, पायवाटा बंद केल्या. ज्या माळावर तो गुरे घेऊन हिंडला त्या माळावर पाऊल टाकणे गुन्हा झाला. त्याने हे लिहिले. १८२० साली त्याचे पहिले पुस्तक निघाले, 'नॉर्थम्प्टनशायरचा शेतकरी' म्हणून लंडनने त्याला डोक्यावर घेतले, वर्षभरात चार आवृत्त्या खपल्या. परंतु डोक्यावर घेणाऱ्यांची अट होती. श्रीमंतांना बोचणाऱ्या ओळी एका उमराव आश्रयदात्याने काढून टाकायला लावल्या. त्याची गावरान बोली संपादकाने ठिकठिकाणी 'शुद्ध' केली. फुलापाखरांवर लिही, कुंपणावर लिहू नकोस! पुढे लंडनची हौस फिटली आणि पुस्तके पडून राहिली. घरी खाणारी तोंडे पुष्कळ. त्याचे डोके फिरले. १८३७ साली त्याला वेड्यांच्या इस्पितळात ठेवले. १८४१ साली तो तेथून निसटला आणि चार दिवसांत ऐंशी मैल चालत, वाटेत भुकेपोटी रस्त्याकडेचे गवत खात, घराकडे आला. त्याच वर्षी त्याला पुन्हा दुसऱ्या इस्पितळात नेले, आणि १८६४ साली तो तेथेच मेला.

ही पाहा खरी पळून जाणारी व्यक्ती! आणि ती कोठे पळाली? दुःखापासून दूर नव्हे, आपल्या गावाकडे. या क्लेअरने कीट्सबद्दल एक मार्मिक शेरा मारला आहे: कीट्स निसर्ग आपल्या कल्पनेला भासतो तसा वर्णितो, प्रत्यक्ष पाहणाऱ्याला दिसतो तसा नव्हे. रानात राबणाऱ्याचा आणि रान आठवणाऱ्याचा भेद याहून थोडक्यात कोणी सांगितलेला आम्हाला ठाऊक नाही. ज्याच्या कीर्तीवर त्या टीकाकाराचा एवढा राग, तो स्कॉटलंडचा रॉबर्ट बर्न्स पाहा. १७८५ साली त्याच्या नांगराने उंदराचे घरटे मोडले, त्यावर त्याने कविता केली. बापाची शेती जमीनदाराशी कज्जा होऊन नासलेली, स्वतः खंडकरी. उंदराला पाहून त्याला स्वतःचाच येणारा हिवाळा दिसला. हा निसर्ग खिडकीतून पाहिलेला नव्हे, नांगराच्या मुठीवरून पाहिलेला आहे.

कोणी म्हणेल, शेलीचे काय? तो तर वाऱ्यावर आणि चंडोळावर लिहिणारा, बड्या घरचा मुलगा. खरे आहे. पण १८१९ च्या १६ ऑगस्टला मँचेस्टरच्या मैदानात विणकर-मजुरांची हजारोंची निःशस्त्र सभा भरली असता तीत घोडेस्वार घुसले. पंधरा ते अठरा माणसे मेली, शेकडो जखमी झाली. शेली तेव्हा इटलीत होता. बातमी पोहोचताच त्याने त्यावर एक जळजळीत लांब कविता लिहून लंडनला धाडली. ती छापण्याचे धैर्य झाले नाही. १८३२ साली, म्हणजे त्याच्या मरणानंतर दहा वर्षांनी, ती छापली गेली. पश्चिमवाऱ्यावरची प्रसिद्ध कविता त्याच वर्षीच्या शरदातली. आपले शब्द माणसांत विखरून टाक, असे तो त्या वाऱ्याला विनवतो. दोन्ही कवितांचा कर्ता एक, वर्ष एक. एक शिकवायची आणि दुसरी दडवायची, मग म्हणायचे की कवी वाऱ्यावर उडून गेला!

आमचे म्हणणे येथवर येऊन ठेपते. पळाले ते कवी कमी, निवड करणारे अधिक. कवितेतून जामीन वगळला, कर्ज वगळले, कुंपण वगळले, घोडेस्वार वगळले, की मागे फूल आणि पाखरू उरते. मग ते उरलेले दाखवून सांगायचे की काव्य म्हणजे जगाचा विसर. ज्यांच्या पोटाला चिमटा नाही त्यांना हा विसर गोड वाटतो आणि ज्यांच्या पोटाला चिमटा आहे ते रागाने काव्यच टाकून देतात. दोघेही त्याच एका चुकीच्या वाक्याचे बळी होत. इंग्रजी शिक्षणाबरोबर हे कवी आपल्याकडे आले तेव्हा ज्यांनी ते नीट वाचले त्यांनी काय केले तेही पाहावे. केशवसुत हे शाळामास्तर. या इंग्रजी कवींचा संस्कार घेऊन त्यांनी नवी मराठी कविता लिहिली, आणि तीत फुलांवरच्या कवितांशेजारी मजुरावर आलेल्या उपासमारीच्या पाळीवरचीही कविता आहे. आणि रानात राबणाऱ्याला काव्य सुचत नाही असे ज्यांना वाटते त्यांनी खानदेशच्या बहिणाबाई चौधरींचे नाव आठवावे. अक्षरओळख नाही, जन्म शेतात गेला; त्या १९५१ साली वारल्या आणि त्यांची गाणी पुढल्या वर्षी पुस्तकरूपाने निघाली, तेव्हा सारा महाराष्ट्र थक्क झाला.

तेव्हा त्या गृहस्थांना आम्ही सांगितले: रानात गेल्याने दुःख जात नाही हे तुमचे म्हणणे खरे आहे, आणि ते तुमच्या मुलीने परीक्षेच्या पेपरात लिहावे. गाईड पाठ करणाऱ्या शंभर पोरांत जमीन कसणाऱ्याची पोरगी जे पाहील ते दुसऱ्याला दिसणार नाही. तिने प्रत्येक निसर्गकवितेला तीन गोष्टी विचाराव्यात. हे रान कोणाच्या मालकीचे? यात राबणारा माणूस कवितेत आहे की गाळला? आणि कवी जेथे गेला तेथून परत आला की नाही? एवढे विचारायला जी शिकली तिला पुढे सातबाराचा उतारा आणि सावकाराचा कागद वाचतानाही कोणी सहज फसवू शकणार नाही. म्हणून तिला घरी ठेवू नका.

नंतर आम्ही त्यांना मायकेलची गोष्ट सांगितली, वर लिहिली तशीच. ऐकताना ते मान खाली घालून बसले होते. त्यांच्या थोरल्या भावाचे पाच वर्षांपूर्वी काय झाले, ते गावाला ठाऊक आहे; येथे लिहिण्याचे कारण नाही. गोष्ट संपल्यावर त्यांनी एकच विचारले, "मग त्यो मेंढवाडा पुरा झालाच न्हाई?" आम्ही म्हटले, "नाही झाला." थोडा वेळ बसून ते उठले. उंबऱ्याशी थांबून म्हणाले, "ही गोष्ट त्या गाईडात कशी न्हाई, गुरुजी?"

हाच प्रश्न, शिक्षकबंधूंनो, आम्ही आपल्याला विचारतो. आणि आईबापहो, आपल्याला विनंती अशी, की पुस्तकावर रागावून पोरीचे पुस्तक बंद करू नका. जे पुस्तकात गाळले आहे, ते हुडकून काढायला तिलाच धाडा.

— एक खेडूत शिक्षक